बेळगावात राहून चित्रकलेवर घर चालवायचं असेल तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या शहापूरच्या स्टुडिओत दोन-चार पोरं तरी येतात. बरोबर आई असते, नाहीतर मामा. पोरगं भिंतीवरची चित्रं बघत गप्प उभं राहतं आणि आई विचारते, "मॅडम, ह्यात पुढं पोट भरतंय काय वो?"

भरतं. माझं सतरा वर्षं भरतंय. पण सुरुवातीची पाच वर्षं मी नुसती चुका करण्यात घालवली, कारण सांगणारं कुणी नव्हतं. त्या आईला चहा पाजून मी जे सांगते, तेच इथं क्रमानं लिहून काढलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात राहून ज्यांना चित्रकला, मूर्तिकला, भित्तिचित्र असलं काम पूर्णवेळ करायचंय, त्यांच्यासाठी.

आपल्याकडं पक्की समजूत आहे की पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय चित्रकाराचं काही खरं नाही. जरा नकाशा पुढ्यात घ्या. धारवाड दीड तासावर, कोल्हापूर दोन-अडीच तासांवर. चोर्ला घाट उतरला की गोवा. रात्री गाडीत बसलं की सकाळी बेंगळुरू. चार वेगळ्या गिऱ्हाइकांच्या मधोमध आपण राहतो. शिकायला बाहेर जायचं असेल तर जरूर जा. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते, तिची चौकशी अर्ज भरायच्या आधी करा. पण शिकून परत यायला लाजू नका.

या मातीत चित्रकार होत नाहीत असंही कुणी सांगू नये. रवी परांजपे बेळगावचेच. इथं के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली ते शिकले. जाहिरातींची चित्रं आणि इमारतींची संकल्पचित्रं यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि स्वतःची पेंटिंगही करत राहिले. मागणीचं काम आणि मनाचं काम एकाच हातातून होऊ शकतं, हे मला त्यांच्याकडं बघून पटलं.

१. आधी कागदपत्रांची पिशवी

रंगांच्या पेटीआधी ही पिशवी. माझ्याकडं एक जुनी प्लॅस्टिकची फाईल-बॅग आहे, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली. तिच्यात हे असतं:

- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि एक रद्द केलेला चेक
- दहावीचं मार्कलिस्ट, ड्रॉइंग ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रं (कर्नाटकाच्या लोअर-हायर किंवा महाराष्ट्राच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट), डिप्लोमा किंवा पदवी
- नाडकचेरीतून (महसूल खात्याचं आपल्या भागातलं कार्यालय) काढलेला रहिवासी दाखला, लागू असेल तर जात आणि उत्पन्नाचा दाखला
- पासपोर्ट साईझ फोटो, आठ-दहा
- एका पानाचा बायोडाटा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत
- वीस निवडक चित्रांचे चांगले फोटो, मागं नाव, माप, माध्यम आणि वर्ष लिहिलेले. तेच फोटो पेनड्राईव्हवरही

आपल्या भागातला मोठा सापळा म्हणजे नाव. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, आधारवर कन्नडमधून आलेलं, पॅनवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. कुणाचं आडनाव गळतं, कुणाच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. माझं पहिलं बक्षीस सात महिने अडकलं, कारण चेकवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नव्हतं. म्हणून आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक करून घ्या. हे काम पहिल्याच महिन्यात उरका.

दुसरं, नाडकचेरीचा दाखला कन्नडमध्ये येतो. कोल्हापूर-मुंबईच्या टेबलावर तो कुणाला वाचता येत नाही. त्याचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर नोटरी करून मूळ प्रतीला टाचून ठेवा. शेवटच्या दिवशी भाषांतर करणारा शोधायला गेलात तर अर्जाची तारीख जाते.

२. वर्षाचं पंचांग भिंतीवर लावा

चित्रकाराला पगाराची तारीख नसते, पण आपल्या गावाला कामाचे ऋतू असतात. ते ओळखले की पोट भरतं.

वैशाखात बेळगावची शिवजयंती. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि त्याआधी महिनाभर प्रत्येक मंडळाला गडाचा बुरूज, राजवाड्याचा पडदा, थर्माकोलच्या कमानी, सजीव देखाव्याचा मेकअप यांसाठी माणसं लागतात. मी पहिली कमाई तिथंच केली. पोत्याच्या कापडावर चिकणमाती आणि डिंक थापून दगडी चिऱ्यांचा पोत कसा आणायचा, हे मला कॉलेजात कळलं नाही. ते एका वयस्कर पेंटरकाकांनी गल्लीत, रात्री दोन वाजता, हॅलोजनच्या उजेडात दाखवलं. एक चिरा रंगवून झाला की ते चार पावलं मागं जायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "रथ चालतोय पोरी, माणूस उभा हाय. लांबनं काय दिसतंय ते बघ." आजही भिंतीवर काम करताना मी चार पावलं मागं जाते.

मे महिन्यात सुट्टीतली शिबिरं. मुलांचे वर्ग घेणं कमीपणाचं समजू नका. महिन्याची ठरलेली फी हीच स्टुडिओचं भाडं भरते.

जून ते ऑगस्ट गणपती. लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत १९०५ साली झेंडा चौकात सार्वजनिक गणपती सुरू झाला, तेव्हापासून हे गाव गणपतीचं. मूर्तिकारांच्या शेडमध्ये डोळे आखणाऱ्या, दागिने रंगवणाऱ्या हाताला कायम मागणी असते. हात स्थिर असेल तर डोळे आखायचं काम मागा, त्याचा भाव वेगळा मिळतो. प्लॅस्टरवर निर्बंध येत गेलेत, त्यामुळं शाडूचं काम ज्याला येतं त्याची चलती आहे. मातीकाम मुळापासून शिकायचं असेल तर खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या उंबऱ्यावरची ही सोय आपलीच पोरं वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीनंतर लग्नसराई. पोर्ट्रेट, भेट द्यायची चित्रं, हॉलचं नेपथ्य. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आणि त्यांचे पडदे. हाच काळ प्रदर्शनांचाही, म्हणून मनाची चित्रं त्याआधी, पावसाळ्यात, करून ठेवायची. मी सकाळी सहा ते नऊ फक्त स्वतःचं चित्र काढते. ऑर्डर कितीही असो, नऊच्या आधी फोन घेत नाही. ही सवय तुम्हीही पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर दहा वर्षांनी हातात नुसती गिऱ्हाइकांची चित्रं उरतात.

३. कन्नड अक्षर हातात बसवा

यावर आपल्यात वाद होतात, मला ठाऊक आहे. मी घरात मराठी बोलते, मराठी वाचते, माझी मुलं मराठी शाळेत गेली. तरी सांगते, कन्नड लिहायला शिका. राज्याच्या कायद्यानं २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक पाटी नव्यानं लिहिली जाते, आणि ज्याला दोन्ही लिपी सुबक येतात त्याच्याकडं काम जातं.

ब्रशची चाल वेगळी आहे हे लक्षात घ्या. देवनागरी शिरोरेषेला लटकते, आपण आधी वरची रेघ ओढतो. कन्नड अक्षर खाली बूड टेकून बसतं, अंगानं गोल असतं, आणि डोक्यावर छोटासा तुरा, तलेकट्टु, शेवटी येतो. गोलाई एका दमात आली नाही तर अक्षर कुबडं दिसतं. मी रद्दी पेपरवर चपट्या ब्रशनं दोन महिने रोज अर्धा तास गिरवलं. शिवाय राज्याच्या ललितकला अकादमीचे अर्ज, पालिकेची निविदा, नाडकचेरीची पावती, सगळं कन्नडमध्येच असतं. वाचता आलं की एजंटाचे पैसे वाचतात.

४. भाव सांगायला शिका

इथं बहुतेक पोरं गळपटतात. गिऱ्हाईक विचारतं, "किती घेणार सांगा की," आणि आपण म्हणतो, "तुम्ही काय द्याल ते द्या." हे वाक्य तोंडातून काढून टाका.

कागदावर हिशोब मांडा. समजा १८ बाय २४ इंचांचं तैलरंगातलं पोर्ट्रेट आहे. माझ्या वहीतला हिशोब असा: कॅनव्हास आणि रंग १४०० रुपये, फ्रेम १८००, सहा दिवसांची हजेरी १२०० प्रमाणे ७२००, जागेचं भाडं आणि विजेचा वाटा ६००. झाले ११,०००. हा झाला खर्च. यावर तुमच्या नावाचं, अनुभवाचं जे असेल ते. घराला डिस्टेंपर मारणारा माणूस रोजची हजेरी मागताना खाली बघत नाही. तुम्हीही बघू नका.

भित्तिचित्राचा भाव चौरस फुटावर सांगतात. त्यात परांची, भिंतीचा प्रायमर आणि वरचा कोट कोण करणार हे आधी ठरवा. ओली भिंत असेल तर काम घेऊच नका. आपल्याकडच्या पावसात ते एका वर्षात पापुद्रे धरतं आणि नाव तुमचं खराब होतं.

"मोबाईलवरचा फोटो प्रिंट मारला तर पाचशेत होतंय की," असं म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. त्याच्याशी भांडू नका. फोटो काढून प्रिंट करून घेणंच त्याला परवडेल, असं मोकळेपणानं सांगा आणि पुढच्या कामाला लागा. त्यातले काहीजण परत येतात. एक आजोबा तीन वर्षांनी आले होते. बायको गेली होती, एकच धूसर फोटो होता, आणि त्यांना ती हसताना हवी होती.

ओळखीच्यांना सूट द्यायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहा, खाली सूट लिहा. म्हणजे खरा भाव त्यांनाही कळतो.

५. सगळं लिहून घ्या, ॲडव्हान्सशिवाय ब्रश उचलू नका

माझ्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेची कंपाऊंडची भिंत रंगवायला मिळाली. २२० चौरस फूट. बोलणं तोंडी झालं. माणसं मोठी, कागद मागायचा संकोच वाटला. उन्हात एकोणीस दिवस परांचीवर उभी राहिले. काम संपल्यावर कुणीतरी म्हणालं, आभाळ जरा जास्त निळं झालंय. दोन वेळा बदलून दिलं. निम्मे पैसे मिळाले, उरलेल्यांसाठी आठ महिने हेलपाटे मारले आणि सोडून दिले. पुढच्या वर्षी तेच चित्र त्यांच्या कॅलेंडरवर छापलेलं एका किराणा दुकानात बघितलं. माझं नाव कुठंच नव्हतं.

वकिलाकडं गेले तेव्हा कळलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढणारा त्याचा पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. पण कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा होतो. कलम १७. एक ओळ लिहून घेतली असती तर तो हक्क माझ्याकडं राहिला असता. चित्राचा कर्ता म्हणून नाव सांगायचा अधिकार मात्र कलम ५७ प्रमाणे आपल्याकडंच राहतो.

म्हणून साध्या लेटरहेडवर एवढं लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या:

- काम काय, माप किती, माध्यम कोणतं, कधी द्यायचं
- एकूण रक्कम. ५० टक्के ॲडव्हान्स, २५ टक्के निम्म्या कामावर, उरलेले ताबा देताना
- बदल किती वेळा मोफत (मी एकदाच देते), त्यानंतर किती पैसे
- "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. छपाईसाठी वापर करायचा असल्यास वेगळी लेखी परवानगी घ्यावी."
- चित्रावर चित्रकाराची सही राहील

हक्क विकायचेच असतील तर किती वर्षांसाठी आणि कुठं वापरायला, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. तुमचं मूळ पेंटिंग पुढं दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीतला वाटा मागायचा हक्क कलम ५३-अ देतं, कॉपीराइटचे पहिले मालक तुम्ही असाल तर. म्हणून विकलेल्या प्रत्येक चित्राची नोंदवही ठेवा. कुणाला, कधी, कितीला.

मोठ्या मंडळींकडं सही मागायला जीभ रेटत नसेल तर "आमच्या सीएनं सांगितलंय" म्हणा. कुणी वाईट मानत नाही.

६. चित्रं कुठं दाखवायची

पहिलं प्रदर्शन गावातच करा. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाकडं कुलकर्णी सरांच्या नावाचं दालन आहे. तिथं घरचे, शेजारचे, शाळेतले शिक्षक येतात आणि पहिली दोन-तीन चित्रं विकली जातात. दुसरा टप्पा कोल्हापूर, दसरा चौकातलं शाहू स्मारक. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या गावात लोक चित्राजवळ थांबतात, रंगाबद्दल प्रश्न विचारतात. ती परीक्षा द्यायलाच हवी.

जानेवारीतल्या एका रविवारी बेंगळुरूत कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते. कुमारकृपा रस्त्यावर फुटपाथभर चित्रं आणि माणसांची रीघ. अर्ज काही महिने आधी करावा लागतो. तिथं मोठी कॅनव्हास नेऊन फसू नका. हातात धरून घरी नेता येतील अशी छोटी, माउंट केलेली चित्रं जास्त जातात. सुटे पैसे, यूपीआयचा क्यूआर, कापडी पिशव्या आणि एक सोबती बरोबर हवा, कारण दिवसभर स्टॉल सोडता येत नाही.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला तारीख मिळायला वर्षं जातात, तेव्हा अर्ज आत्ताच टाकून विसरून जा. तोपर्यंत १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवत राहा. कर्नाटक ललितकला अकादमी आणि दिल्लीची ललित कला अकादमी यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

सापळा इथंही आहे. "आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क एवढं एवढं" असे मेसेज येतात. प्रवेश फी वेगळी, पण निवड झाल्यावर ट्रॉफीचे, कॅटलॉगचे, सत्काराचे पैसे मागत असतील तर तो पुरस्कार तुम्ही विकत घेताय. ते पैसे चांगल्या कॅनव्हासला घाला.

७. नोंदणी, कर आणि सरकारी मदत

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या खासगी साईट हजार-दोन हजार उकळतात, तिकडं जाऊ नका. कंपनीनं तुमच्या बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, घेतला असेल तर रिटर्न भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. पोरं तेवढे पैसे दरवर्षी सोडून देतात.

जीएसटीत आपली सीमाभागाची खास अडचण आहे. निपाणीचा माणूस कागलला चित्र विकतो तेव्हा तो परराज्यात माल विकत असतो, आणि वर्षाची विक्री ठरावीक लाखांच्या आत असेल तर नोंदणी नको ही सवलत परराज्यातल्या मालविक्रीला सरसकट लागू नाही. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना, ज्यात हातानं काढलेली चित्रं येतात, अटींसह सूट आहे. त्यासाठी पॅन लागतं आणि माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाईन पावती, काढावं लागतं. एकदा सीएकडं बसून आपलं नेमकं काय ते ठरवून घ्या. टेम्पोत चित्रं घालून कोगनोळी नाका ओलांडताना बिल किंवा प्रदर्शनाचं पत्र ड्रायव्हरच्या हातात असू द्या.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. पुढं २५ ते ४० वयासाठी ज्युनियर फेलोशिप महिना १०,००० आणि चाळिशीनंतर सीनियर २०,००० रुपयांची. आपल्याकडून अर्जच कमी जातात. मूर्तिकार, कुंभार, खेळणी करणारे असाल तर २०२३ पासूनची पीएम विश्वकर्मा योजना बघा. प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पुढं ५ टक्के व्याजानं कर्ज. चित्रकार त्या अठरा धंद्यांत नाहीत, पण गोकाकसारख्या गावात लाकडी खेळण्यांचं काम करणाऱ्या घरांना तिचा नक्की उपयोग होईल.

८. पावसाळ्यात चित्रं जपा

शेवटी हे लिहितेय, पण जून उजाडायच्या आत करायचं काम आहे. माझं माहेर खानापूरच्या पलीकडं, जांबोटीच्या अंगाला. तिथं चार महिने भिंतीलाही घाम फुटतो. लग्नानंतर माझी चाळीस जलरंगांची चित्रं मी माहेरी पलंगाखाली ट्रंकेत ठेवली होती. गणपतीला गेले तेव्हा ट्रंक उघडली. वास आधी आला. वरच्या चित्रातलं नदीचं पाणी तपकिरी ठिपक्यांनी भरलेलं, खालची सहा एकमेकांना चिकटलेली. चाळिसातली अकरा वाचली.

तेव्हापासून मी असं करते. मेच्या उन्हात कपाट मोकळं करून दोन दिवस तापू देते. कागदावरची चित्रं आडवी न रचता फाईलमध्ये उभी ठेवते, दोघांमध्ये आम्लरहित कागद घालते, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढते. खालच्या खणात काहीच ठेवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकते, त्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आंचेवर पुन्हा निळ्या करून घेते. तो तवा वेगळा ठेवलेला आहे, स्वयंपाकाला वापरत नाही. कॅनव्हास सैल पडलं तर मागच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हातानं ठोकायच्या, पाणी मारून ताणायचं नाही. आणि प्रत्येक चित्राचा फोटो, फ्रेम घालायच्या आधी, सकाळच्या सावलीच्या उजेडात काढून दोन ठिकाणी साठवून ठेवायचा. त्या एकोणतीस चित्रांचे फोटो माझ्याकडं नाहीत.